पिवळ्या दोरीतला सांधा

वस्तरा खालच्या ओठाशी आला आणि नेमका तेव्हाच सेवकराम हलला. कुंदन न्हाव्याने हात झटकन मागे घेतला, पण ओठाच्या कडेला रक्ताचा टिपूस आलाच. "हालता कायले काका," कुंदन म्हणाला, "लागलं का नाई आता?" आणि तुरटीचा खडा ओला करायला लागला. सेवकराम आरशात बघतच नव्हता. आरशाच्या वर टांगलेल्या टीव्हीत समुद्रकाठच्या कुठल्याशा तळावरून दक्षिणेतल्या एका नव्या कंपनीचं रॉकेट उडायचं होतं, आणि ते आत्ताच उडालं होतं. बारकंसंच रॉकेट, चार मजली घराएवढं. जाळ सोडत ते टॉवरशेजारून हातभर वर आलं आणि मांडवातून निघताना एखादीचा पदर खिळ्याला अडकावा तसं कशाला तरी अडकलं. अर्ध्या पळापुरतंच. मग सुटलं, पण तिरकं झालं, तिरकंच वर गेलं आणि समुद्रावर जाऊन त्याच्या धुराची गुंडाळी झाली. बाकावर नंबर लावून बसलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, "फुसका निघाला बे," आणि सगळे हसले. हसायला हरकत नव्हती. कुणी मेलं नव्हतं, बातम्या सांगणारी बाई तसं दोनदा म्हणाली. सेवकराम मात्र हसला नाही. त्या अर्ध्या पळात टॉवर आणि रॉकेट यांच्या मधोमध एक पिवळी रेघ ताणलेली त्याने पाहिली होती, आणि लगेच ती रेघ तिथे नव्हती. कुंदनने ओठावर तुरटी दाबली. ती झोंबली, तरी सेवकरामची नजर टीव्हीवरून हलली नाही.

ती दोरी त्याच्या हातची होती, या रॉकेटसाठी गेलेली एकुलती एक. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला पत्र्याच्या लांबट शेडमध्ये अकरा वर्षं तो अशा दोऱ्या विणत होता. यंत्रावर धाग्याच्या सोळा बॉबिन एकमेकींभोवती फेर धरून फिरायच्या आणि मधून पिवळी दोरी हळूहळू वर यायची. धागा पोलादापेक्षा चिवट, साध्या कात्रीलाही दाद न देणारा. शेडचा मालक नीलेश इंजिनियर, नागपुरात शिकून इकडे आलेला. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना जवळ बसवून समजावलं होतं. रॉकेट उभं असतं तोवर सगळं जमिनीवरूनच मिळतं त्याला, वीज म्हणा, गार हवा म्हणा. टॉवरवरून नळ्या आणि वायरींची एक जुडी त्याच्या अंगाला लावलेली असते. रॉकेट हातभर उठलं की ही दोरी ताणते, खटका ओढते आणि जुडीचा प्लग अंगावरून निघून येतो. "दोरी तुटली तर प्लग निघत नाई," नीलेश म्हणाला होता. "मग रॉकेट जुडी घेऊनच चालू लागते. पुढचं तुम्हीच समजून घ्या." सेवकरामने समजून घेतलं होतं. एवढं मोठं धूड आणि त्याची सुटका एका दोरीवर. त्याला ते पटलं होतं, आवडलंही होतं.

यंत्रासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिलेल्या होत्या. धागा तुटला. मशीन थांबवा. दोरी कापा. सांगा. सांधा म्हणजे कमजोर जागा आणि ताण नेमका तिथेच गोळा होतो, म्हणून या दोरीत सांधा चालत नाही. एक धागा तुटला की विणून झालेली सगळी दोरी लाल चिठ्ठी लावून पिंपात टाकायची. पहिल्या तीन गोष्टी सेवकरामच्या अंगवळणी पडल्या. चौथी कधी पडली नाही. त्याच्या गावी, आंधळगावात, घरी दोन माग होते आणि त्यावर कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड निघायचं. तिथे धागा दिवसातून पन्नास वेळा तुटायचा, आणि तुटला हे कुणी कुणाला सांगत नसे. सांगायचं काय त्यात? दोन टोकं उकलायची, एकात एक घालायची, थुंकीच्या बोटाने पीळ द्यायचा आणि पुढे जायचं. संध्याकाळी बाप कापड उलगडायचा, डोळे मिटायचा आणि वीत वीत करत ते खालच्या ओठावरून ओढायचा. हात मागाने राठ होतात, ओठ होत नाही. सांधा ओठाला लागला तर बाप बोलायचा नाही, नुसता तिथे थांबायचा, आणि त्या थांबण्याने सेवकरामच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पूर्ण कापड न थांबता सरकलं त्या दिवशी बापाने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहून किंचित मान हलवली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे गोंदिया वेगळा जिल्हा निघाला त्या वर्षी बाप वारला आणि मागावर कोंबड्या बसायला लागल्या, पण ती मान हलवलेली सेवकरामजवळ राहिली.

शहापूरच्या शेडमध्ये तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जे झालं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नीलेशने अर्ध्या लोकांना सुटी दिली होती. दुसऱ्या यंत्रावरचा सचिन, आंधळगावचाच, त्याच्याच गल्लीतला चाळिशीचा कोष्टी, तोही लेकीचा लाकडी नंदी सजवायला घरी राहिला होता. शेडमध्ये एकच यंत्र चालू होतं, आणि एकटं चालताना त्याचा आवाज घरच्या मागासारखा येत होता. सातव्या बॉबिनचा धागा तुटला. यंत्र थांबलं, नव्हे, सेवकरामनेच थांबवलं. आणि मग तो कुठे होता ते त्यालाच माहीत नाही. भानावर आला तेव्हा यंत्र पुन्हा चालू होतं आणि सांधा वेणीच्या आत हातभर पुढे निघून गेला होता. दोरी पुरी झाल्यावर ती उतरवून त्याने त्या जागेवरून ओठ फिरवला. मागे फिरवला, पुढे फिरवला. काही लागलं नाही. भीती वाटायला हवी होती, पण त्याला आनंद झाला. गेल्या पंचवीस वर्षांत झाला नव्हता एवढा. सलूनच्या खुर्चीत बसून त्याला आठवत होता तो हा आनंदच. नुसती चूक असती तर चूक म्हणून सोडून देता आली असती. आपण तेव्हा खूश झालो होतो, हे कुठे ठेवायचं, ते त्याला समजत नव्हतं.

भंडाऱ्यात खांब तलावामागच्या दोन खोल्यांत त्याची बायको गीताबाई तांदूळ निवडत बसली होती. लग्नानंतर वीस वर्षं, माग बंद पडेपर्यंत, ती त्याच्या मागाशेजारी बसून सांधे करत होती आणि तिचा हात कुणाहून कमी नव्हता. सेवकरामने तिला सगळं सांगितलं, ओठासकट. ती सूप खाली न ठेवता ऐकत होती.

"दिसत होता का सांधा?" तिने विचारलं.

"नाई."

"बोटाले लागत होता?"

"नाई म्हनतो ना. ओठालेबी नाई."

"मंग सांगता कायले लोकाईले?" ती म्हणाली. मग खडा काढता काढता म्हणाली, "मामाजी असते तं खूश झाले असते." सासऱ्याबद्दल ती हे चिडवायला म्हणत नव्हती. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं, आणि सेवकरामच्याही दृष्टीने खरं होतं. म्हणूनच त्याला तिथे बसवेना. चप्पल घालून तो तलावाभोवती दोन चकरा मारून आला.

तीन आठवडे काही झालं नाही. यंत्र फिरत होतं, तो विणत होता, धागा तुटला की भिंतीवरची चौथी ओळ मुद्दाम मोठ्याने पाळत होता, इतक्या मोठ्याने की सचिन एकदा म्हणाला, "भाऊ, आता काय लाउडस्पीकर लावता काय?" त्याला वाटायचं, समुद्रात गेलं ते गेलं. मग वाटायचं, दोरी टॉवरच्या बाजूची, ती समुद्रात कशी जाईल? सकाळी बसमधून शहापूरला जाताना रस्त्याकडेचं देऊळ लागलं की तो बाकीच्यांसारखा देवाला हात जोडायचा आणि हात जोडून काय मागायचं ते त्याला सुचायचं नाही. दोरी सापडू नये म्हणावं, तर आपल्या सांध्याने ती तुटली की नाही ते कधीच कळणार नाही. सापडावी म्हणावं, तर कळेल. जेवताना, बसमध्ये, माणसांशी बोलताना त्याची जीभ ओठाच्या कडेच्या त्या खपलीवर जायची. खपली पडली, तिथे बारीकसा वण राहिला. आपण आतून कुजत चाललो आहोत असं त्याला वाटे आणि बाहेरून सगळे म्हणत, काका, तब्येत चांगली दिसते.

दोरी सापडली होती. दोन तुकड्यांत, प्लास्टिकच्या पिशवीत, कंपनीच्या पत्रासह ती शेडमध्ये आली. तुटल्या जागी दोन्ही टोकांचा पिंजून झाडू झाला होता. पत्रात लिहिलं होतं की त्या जागी एखादा धागा आधीपासून कमजोर असावा, कशाने ते आता सांगता येत नाही, पण तपासणीत तो दोष सापडायला हवा होता. तपासणी बदला, माणूस बदला, नाही तर यापुढे दोऱ्या नकोत. तपासणी डिंपल करत होती. लाखांदूरकडच्या दिघोरीची, धान पिकवणाऱ्या घरातली, डिप्लोमा करून आलेली मुलगी. दारालगत उंच स्टुलावर बसून भिंगाखालून ती प्रत्येक दोरी वीत वीत सरकवायची. दोरीच्या टोकाला कापडी पट्टी शिवलेली असे, तिच्यावर विणणाऱ्याचं नाव नसे, तपासणाऱ्याचं असे. "माहं नाव टॉवरवर जाते काका," ती एकदा म्हणाली होती. "आमच्या घरचं कोनी भंडाऱ्याच्या पुढं गेलं नाई, नाव गेलं समुद्रापावत." तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती दोरी तिच्यासमोर ठेवली तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या दोरीले पाहाचं काय काम? पन पायते." आणि तिने पाहिली होती, सगळी अकरा मीटर. सेवकराम समोर उभा होता. त्या जागेवरून भिंग पुढे गेलं तेव्हा त्याला पुन्हा तसंच, बापाने मान हलवल्यासारखं झालं होतं. आता तीच पट्टी, तिच्या वळणदार अक्षरातली, पिशवीत काळी पडून आली होती. डिंपल ती बघत होती आणि रडत नव्हती.

सेवकरामने यंत्र थांबवलं. भिंतीवरची चौथी ओळ त्याच्या डोळ्यासमोरच होती. तो नीलेशच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "तिचं काई नाई त्यात. मी सांधा देल्ला होता. सातव्या बॉबिनले."

सगळ्यांनी माना वळवल्या. नीलेशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो वाईट माणूस नव्हता. दहा माणसांची शेड चालवणारा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता. "काका," तो म्हणाला, "तुम्ही काहून असं बोलून राहिले? अकरा वर्षांत तुम्हाला कधी सांधा देताना पाहिलं नाई मी."

"तो दिसत नाई. दिसला तं सांधा कायचा?"

"बरं, कुठं होता तो? दाखवा मला." नीलेशने दोन्ही तुकडे पुढे केले. सेवकरामने ते हातात घेतले. सांधा असलाच तर तो त्या झाडूत गेला होता, शेकडो बारीक पिवळ्या तंतूंमध्ये, आणि त्यातला कुठला तंतू त्याच्या थुंकीने पिळलेला होता ते देवालाही सांगता आलं नसतं. त्याने सगळ्यांदेखत झाडू ओठाला लावला. तंतू टोचले. समुद्राचा खारट, जळका वास आला. बाकी काही नाही.

"मग देऊन दाखवा," नीलेश शांतपणे म्हणाला. "आत्ता. तुमच्याच मशीनवर." त्याने स्वतः सातव्या बॉबिनचा धागा कापून दिला. सगळे भोवती जमले. सेवकरामने टोकं उकलली. बोटाला थुंकी लावली. हजारदा केलेलं काम, झोपेत करता येईल असं. पण आता तो झोपेत नव्हता, आणि कुठलं बोट आधी आणि कुठलं नंतर हे त्याला एकदम आठवेना. आठवायचं कधी कामच पडलं नव्हतं. एक टोक निसटलं, पुन्हा धरलं. त्याच्या मनात सारखं येत होतं, नीट दे, एकदाच नीट दे, नाही तर ही पोर जाते. आणि जितकं येत होतं तितकी बोटं परक्यासारखी वागत होती. शेवटी पीळ बसला. यंत्र चाललं, हातभर दोरी आली, नीलेशने ती कापून डिंपलच्या हातात दिली. ती भिंगापाशी गेलीच नाही. डोळे मिटून तिने दोरी चिमटीतून ओढली आणि थांबली. बापासारखीच थांबली. सेवकरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हा इथं हाय," डिंपल म्हणाली. दोरी तिने त्याच्या पुढे धरली. "काका, असा सांधा असता तं मले आंधारातबी सापडला असता. माह्यासाठी खोटं नका बोलू जी. मी पायली होती ते दोरी. माह्याच नजरेतून सुटलं असन कायतरी."

"पोरी, खोटं नाई बोलून राहिलो," सेवकराम म्हणाला. पण तेही खोटं बोलणारा म्हणतो तसंच वाटलं. सचिन खाली बघत होता. नीलेशने सेवकरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाई काका." नीलेशच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव सेवकरामने पाहिला. शेडमध्ये सांधे दिले जातात असं कंपनीला कळवावं लागलं असतं तर शेड बंदच पडली असती. नीलेशला खरं नको होतं असं नाही, पण ते त्याला सोसवणारं नव्हतं, आणि सेवकरामच्या चुकलेल्या बोटांनी त्याला वाट करून दिली होती. सगळं आयुष्य सांधा दिसू नये म्हणून धडपडलो आणि तो दिसायला हवा होता तेव्हा दिसला नाही, दिसू नये तेव्हा दिसला. एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं आणि त्यातून पुढे काही निघेना.

डिंपलची नोकरी गेली आणि दोन दिवसांनी तिला न्यायला तिचा बाप आला, धनीराम. मोटरसायकलच्या मागे तिची पेटी दोरीने बांधताना त्याला गाठ जमत नव्हती, म्हणून सेवकरामने पुढे होऊन बांधून दिली. धनीरामने त्याचे दोन्ही हात धरले. "पोरीनं सांगतलं मले," तो म्हणाला. "तुमी तिच्यासाठी आपलं नाव पुढं केलं. कोन करते जी आजकाल?" सेवकरामला वाटलं, आत्ता इथे, रस्त्यावर, याच्या पायावर डोकं ठेवावं आणि पुन्हा सगळं सांगावं. पण सांगितलं असतं तर या माणसाने हात आणखी घट्ट धरले असते. डिंपल मागे बसली. "येते काका," म्हणाली आणि मग, "आता सुनं सुनं वाटन मले, भिंगाबिगर." मोटरसायकल हायवेच्या ट्रकांमध्ये मिसळली. गीताबाईला त्याने घरी गेल्यावर एवढंच सांगितलं की पोरगी गेली. ती म्हणाली, "तुमी सांगतलं ना? मंग झालं." तिने ताट वाढलं आणि तो जेवला. भूक लागते याचाही त्याला राग आला.

तपासणीच्या स्टुलावर नीलेशने त्यालाच बसवलं. कंपनीला कळवलं होतं, अकरा वर्षांचा अनुभवी माणूस, पिढीजात विणकर. सेवकराम एकदा नाही म्हणाला. त्याचं नाही म्हणणं आता सगळे नम्रपणाच धरत होते. सोमवारी सकाळी तो त्या उंच स्टुलावर बसला तेव्हा पाय जमिनीला पुरेनात. डिंपलने भिंगाच्या दांड्याला लाल लोकर गुंडाळून ठेवली होती, तशीच होती ती. कंपनीचं दुसरं रॉकेट तयार होत होतं. पहिली दोरी सचिनच्या यंत्रावरची आली. सचिनने ती नीट वेटोळं करून त्याच्यासमोर ठेवली आणि गेला नाही, उभा राहिला. सेवकरामने भिंग ओढलं, दोरी वीत वीत सरकवली. स्वच्छ होती. अशी स्वच्छ दोरी त्याने कधी पाहिली नव्हती. मग त्याने सहज मान वर केली आणि सचिनचा चेहरा पाहिला. ओठ मिटलेले, डोळे खाली, आणि आत कुठे तरी दाबून धरलेलं काही, जे कानाच्या पाळ्यांपर्यंत आलेलं. सेवकराम तो चेहरा ओळखत होता. आरशात कधी पाहिला नव्हता, तरी ओळखत होता.

त्याने डोळे मिटले आणि दोरी ओठावरून ओढली. शेवटपर्यंत ओढली, मग उलट्या बाजूने. वण होता तिथे काही लागत नव्हतं आणि वण नव्हता तिथेही काही लागत नव्हतं. "सचिन," तो हळूच म्हणाला, "काई सांगाचं हाय काय?"

"काई नाई भाऊ," सचिन म्हणाला.

सेवकरामने खणातून लाल चिठ्ठी काढली. दोरीचा नंबर लिहिला, तारीख लिहिली. त्याखाली एक रकाना होता, कारण. पेन त्या रकान्यावर आलं आणि तिथेच राहिलं. शेडमध्ये दुसरं यंत्र चालू होतं. तिकडून नीलेशने विचारलं, "झाली काय काका? गाडी थांबून आहे." सचिन अजून उभाच होता. सेवकरामने चिठ्ठी चुरगाळून खिशात घातली, दोरीच्या टोकाची पांढरी पट्टी सरळ केली आणि तिच्यावर आपलं नाव लिहिलं. मग सचिनकडे पाहून त्याची मान किंचित हलली. ती हलू नये असं त्याला फार वाटत होतं.